झुंबररावांची व्यापक प्रसिद्धी

इंदापुरात बातमी दोन तऱ्हेची असे. एक वर्तमानपत्रात छापून यायची, दुसरी झुंबररावांच्या रिक्षावरून यायची. पहिलीवर लोक चहाच्या टपरीवर वाद घालत. दुसरीवर वाद घालायची सोय नव्हती, कारण त्या भोंग्याच्या वर आवाज चढवणं कोणालाच जमत नसे.

हा गळा वडिलोपार्जित. झुंबररावांचे वडील पिंपळीच्या माळावर मेंढरं राखायचे आणि एका हाळीत ओढ्यापलीकडचा कळप माघारी फिरवायचे. पुढे मेंढरं गेली, माळावर ऊस आला, भाऊ उसाकडे वळले आणि हाळी तेवढी झुंबररावांच्या वाट्याला आली. त्यांनी ती एक जुनी रिक्षा, एक बॅटरी आणि एक भोंगा यांच्या जिवावर पोटाला लावली. पणदऱ्याच्या बाजारापासून इंदापूरच्या हायवेपर्यंत कोणाला काहीही जाहीर करायचं असलं, की झुंबररावांना सांगावा जाई.

प्रत्येक पुकारीची त्यांची चाल वेगळी. सिनेमाची उड्या मारत जाणारी. साड्यांच्या सेलची लाडीगोडीची. मयताची सावकाश, एकेका शब्दाला टेकायला जागा देत. सगळ्यांत अवघड चाल हरवलेल्या जनावराची. तीत रंग, शिंगं, अंगावरची खूण, शेवटी कुठं दिसलं आणि मालकाच्या जिवाची कशी तगमग चालली आहे, हे सगळं ओळीनं आलं पाहिजे. ही पुकार ऐकून एक चोर स्वतःहून म्हैस बांधून गेला होता, असं झुंबरराव सांगत. त्यांच्या पत्नी सारजाबाई सांगत, की म्हैस आपल्या पायानं आली होती, तिला पाणी हवं होतं.

"ह्या तोंडातनं खोटी पुकार गेल्याली न्हाय," हे झुंबररावांचं ठरलेलं वाक्य. सिनेमाचे 'शेवटचे तीन दिवस' महिनाभर चालत, त्याचं काय, असं कोणी विचारलं की ते शांतपणे म्हणत, "त्यो सिनेमा हाय. सिनेमात समदं खोटंच असतंय."

त्यांची थोरली मुलगी योगिनी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय पदार्थविज्ञान. चौऱ्याण्णव सालच्या जुलैत गुरू ग्रहावर धूमकेतूचे तुकडे आदळले, तेव्हा ही पोरगी रोज रात्री पत्र्यावर चढून बसायची. आभाळ गच्च भरलेलं. गुरू तर सोडाच, समोरच्या मारुतीच्या देवळाचा कळस दिसत नव्हता. सारजाबाई खालून ओरडायच्या, "अगं, त्येला लागलं असंल तर उद्या पेपरात येईल की." आलंही. योगिनीनं ते फोटो कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवले आणि गुरू ग्रहाला रोज उदबत्तीचा धूर फुकट मिळू लागला.

दुसऱ्या वर्षी, होळीच्या थोडं आधी, प्राध्यापक हिंदुराव झुंबररावांच्या दारात आले. हिंदुराव कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. पिंपळीच्या शाळेत दोघं एका बाकावर होते, एका फडक्यातली भाकरी खाऊन वाढलेले. चारचौघांत झुंबरराव त्यांना 'सर' म्हणत. एकटे असले की हिंद्या.

"झुंबर, मोठं काम आणलंय," हिंदुराव म्हणाले. "गुजरातेतल्या एका संशोधन संस्थेचं पत्र आलंय. ग्रहविज्ञान शिकवणार. ग्रह, चंद्र, धूमकेतू, सगळं. उन्हाळ्यात दोन महिने राहणं-खाणं फुकट. चमक दाखवली तर पुढं संशोधनाला घेणार. आपल्या भागातून एकच विद्यार्थी पाठवायचाय. कॉलेजात चाचणी घेऊ, पहिला येईल तो जाईल."

"मंग आमची योगिनी..."

"बसू दे की. सगळ्यांना मोकळं हाय. संस्थेची अटच हाय, संधीला व्यापक प्रसिद्धी द्यावी. म्हणून तुझ्याकडं आलो."

व्यापक प्रसिद्धी. हे दोन शब्द झुंबररावांना इतके आवडले, की त्या दिवशी त्यांनी रिक्षा धुतली.

अशा पुकारीला चाल कुठली लावावी, हा प्रश्न होता. शेवटी त्यांनी सिनेमाची उडी, सेलचा गोडवा आणि थोडी कीर्तनातली गंभीरता मिसळून नवीच चाल बांधली. "ऐका हो ऐका. ग्रहविज्ञानाच्या होतकरू संशोधकांसाठी सुवर्णसंधी. वशिला नाही, ओळख नाही, गुण हीच ओळख." शेवटचं वाक्य मजकुरात नव्हतं. ते झुंबररावांनी मनचं घातलं.

परिणाम जबरदस्त झाला. संध्याकाळी शेजारच्या बनाबाई नातवाची पत्रिका घेऊन आल्या. "झुंबरराव, शनी लई छळतोय बघा. गुजरातेतली माणसं काय उपाय सांगतील का?"

"बनाबाई, त्ये शनीकडं नुसतं बघत्यात. त्येला काय सांगत न्हाईत."

"बघून काय हुतंय? आमच्याकडं बी त्यो नुसता बघूनच ऱ्हायलाय."

बारामतीच्या चौकात हिंदुरावांनी कॅमेरा आणून रिक्षाचे फोटो काढले. समोरून, बाजूनं, माईक धरलेला. झुंबररावांनी आरशात बघून भांग पाडला. आपल्या कलेची कदर करणारा माणूस भेटला, याचा आनंद त्यांच्या तोंडावर त्या फोटोत अजून दिसतो.

योगिनी मात्र एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, पोरं म्हणतात शंभूराजचं नाव आधीच ठरलंय."

शंभूराज हा कॉलेजच्या संस्थेचे कारभारी बापूसाहेब यांचा मुलगा. पोरगा तसा वाईट नव्हता. कबड्डीत त्याच्यासारखा पकड करणारा तालुक्यात नव्हता. ग्रहांची पकड करायची मात्र त्याला कधी हौस दिसली नव्हती.

झुंबररावांनी घास खाली ठेवला. "मी सोता पुकारलंय. पिंपळीपतुर. माझ्या तोंडातनं गेलंय म्हंजी ठरल्यालं कसं असंल?"

योगिनीनं बापाकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुस्तकात डोकं घातलं. होळीला पोळी पुस्तकावर ठेवून खाल्ली. रंगपंचमीला दार लावून बसली.

चाचणी रंगपंचमीनंतरच्या रविवारी झाली. योगिनी बाहेर आली ती हसतच. गुरूच्या पट्ट्यांवर प्रश्न होता, आणि गुरूच्या पट्ट्या तिला सारजाबाईंच्या लुगड्याच्या काठांहून जास्त पाठ होत्या. शंभूराज बराच आधी बाहेर येऊन पायरीवर बसला होता. त्यानं तिला मोकळ्या मनानं विचारलं, "गुरूवर जमीन असते का गं? मी लिहिलंय काळी, कसदार."

आठवड्यानं निकाल लागला. शंभूराज.

झुंबररावांना वाईट वाटलं, पण ते शहाणपणानं वागले. "एखाद्या दिवशी कबड्डीवाल्याचं बी डोकं चालतं," ते लेकीला म्हणाले. "परीक्षा झाली, निकाल लागला. हरणं काय पाप न्हाय." योगिनीनं मान हलवली. बापानं पुकारलेली परीक्षा, तेव्हा खरीच असणार. आपलंच कुठंतरी चुकलं असणार. तिनं गुरूचे फोटो देव्हाऱ्याशेजारून काढले आणि तिथं चौकोनी स्वच्छ भिंत उरली.

चार दिवसांनी झुंबरराव एस.टी. स्टँडवर आले, तर भीमा पेंटर शिडीवर चढून कापडी बोर्ड बांधत होता. भीमा त्यांचा जोडीदार. भीमानं रंगवायचं आणि झुंबररावांनी पुकारायचं, असा दोघांचा धंदा. बोर्डावर लाल-निळ्या अक्षरांत होतं : 'ग्रहविज्ञान संशोधनासाठी निवड झाल्याबद्दल चि. शंभूराज यांचे हार्दिक अभिनंदन.' 'हार्दिक'च्या बाजूला एक मोठा गुलाबी डाग होता.

"भीमा, त्यो डाग कसला रं?"

"रंगपंचमीचा. अंगणात वाळत घातला हुता, पोरांनी पिचकारी मारली. लई घासला, जातच न्हाय."

झुंबररावांनी शिडीला हात टेकला. "रंगपंचमीचा? परीक्षा तर त्येच्या फुडं झाली."

"मंग काय झालं?" भीमा वरूनच म्हणाला. "इलेक्शनला मी मतमोजणीच्या आदीच सगळ्या उमेदवारांचं विजयाचं बोर्ड रंगवून ठिवतो. ज्यो निवडून येईल त्येचा टांगायचा. पडल्याल्याचं कापड उलटं करून लग्नाला वापरायचं. धंद्याची रीतच हाय. हिंदुराव सरांनी होळीआदी सांगितलं, म्या रंगवला. निकालापतुर कुणाला बोलू नको म्हणालं, म्हणून बोललो न्हाय."

हे ऐकून झुंबररावांना एकदम धीर आला. बरोबर आहे, रीतच आहे. ते वर बघून म्हणाले, "मंग योगिनीच्या नावाचा बी रंगवला असशील. त्यो कुठाय?"

भीमानं खिळा तोंडातून काढला. "न्हाय झुंबरराव. एकच सांगितला हुता."

त्याच संध्याकाळी हिंदुराव सत्काराच्या पुकारीचा मजकूर घेऊन आले. झुंबररावांनी तो घेतला नाही.

"हिंद्या, योगिनीला किती पडलं?"

"सगळ्यांत जास्त," हिंदुराव कौतुकानं म्हणाले. "पोरगी हुशारच हाय तुझी. पेपर तपासताना लई बरं वाटलं."

"मंग?"

"मग काय? बापूसाहेबांपुढं माझं काय चालतंय? आणि पोरीची जात, एवढ्या लांब कुठं पाठवतोस?"

"ठरल्यालं हुतं तर मला कशाला फिरवलंस?"

"अरे, ते फोटो फायलीला लागतात. व्यापक प्रसिद्धी दिली, याचा पुरावा." हिंदुरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्याइतका विश्वासाचा आवाज दुसरा कुणाचा हाय का या भागात?"

दारामागे योगिनी उभी होती. हिंदुराव गेल्यावर ती बाहेर आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरांचं मला खरं वाटत होतं, बाबा. तुमचा आवाज ऐकला म्हणून अभ्यास केला."

ज्या माणसाला आपला आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जातो याचा अभिमान होता, त्यानं त्या रात्री अंथरूण रिक्षात टाकलं.

सकाळी झुंबररावांनी रिक्षा काढली. लोकांना वाटलं सत्काराची पुकार. पण चाल हरवलेल्या जनावराची होती.

"ऐका हो ऐका. एक संधी हरवली आहे. वय लहान, जात ग्रहविज्ञानाची. अंगावर खूण, रंगपंचमीचा गुलाबी डाग. होळीच्या आधीच दावणीतून सोडवून नेलेली आहे. शेवटी एस.टी. स्टँडवर बोर्डाला बांधलेली दिसली. मालकिणीच्या जिवाची तगमग होत आहे. ज्यांनी नेली त्यांच्याकडे ती चारा खाणार नाही, दूध देणार नाही, तरी आणून सोडावी."

तिसऱ्या चौकात हिंदुराव लुनावरून आडवे आले. घामाघूम झाले होते.

"झुंबर, बंद कर. काय चालवलंयस हे?"

झुंबररावांनी माईकवर हात ठेवला आणि चारचौघांत म्हणायचे तसेच म्हणाले, "काय न्हाय सर. व्यापक प्रसिद्धी."

म्हैस परत आली होती. संधी आली नाही. शंभूराज गुजरातेत गेला आणि पंधरा दिवसांत परत आला. तिथं कबड्डीचं मैदान नव्हतं म्हणे. त्याची जागा तशीच रिकामी राहिली, हे योगिनीला जास्त लागलं. कॉलेजचं काम झुंबररावांकडून गेलं ते गेलंच. हिंदुराव समोरून आले की रस्ता बदलत, आणि झुंबररावांना अजून सवयीनं त्यांच्यासाठी चहा सांगावासा वाटे.

आणखी एक गोष्ट झाली. नोकरभरती असो, कर्जवाटप असो, झुंबररावांची रिक्षा गेली की लोक कट्ट्यावरून विचारू लागले, "काय झुंबरराव, बोर्ड वाळला का?" हसायचे. झुंबररावही हसायचे. पण ती हाळी पूर्वीसारखी सुटत नसे. हल्ली कोणतंही काम घेण्याआधी ते भीमाकडे जाऊन विचारत, "किती बोर्ड सांगितल्यात?"

त्या पावसाळ्यात योगिनीची पदवी झाली. पदवीधरांना गुजरातेतल्या संस्थेकडे थेट अर्ज करता येतो, हे तिचं तिनं शोधून काढलं. पाकीट पोस्टात टाकून आल्यावर ती बापाला म्हणाली, "बाबा, कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू?" म्हणाले खरे, पण उभ्या आयुष्यात त्या माणसानं कोणाच्या शेळीची गोष्टसुद्धा गुपित ठेवली नव्हती. दिवसभर गळ्यात काहीतरी अडकल्यासारखे फिरायचे. सारजाबाईंनी दोनदा काढा करून दिला.

भीमाला मात्र वास लागला. स्टँडवर ब्रश धूत त्यानं हळूच विचारलं, "झुंबरराव, कापड आणून ठिवू का? योगिनीच्या नावाचं?"

झुंबररावांनी आजूबाजूला बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"न्हाय. आदी निकाल."