शुगरची गोळी आणि माझं काउंटर

मेडिकलच्या काउंटरमागे वर्षानुवर्षं उभं राहिलं की दोन गोष्टी आपोआप जमतात. गुडघेदुखी आणि किस्से! सिडकोत मी दुकान टाकलं तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं आणि लोक शुगरची गोळी आवाज खाली करून मागायचे. ओळख वाढली तसे मोकळे झाले. तेव्हापासून ऐकलेलं, पाहिलेलं आणि एकदा माझ्याच हातून झालेलं सांगते.

*

पाटील ओझरला कारखान्यात होते. एकदा म्हणाले, "ताई, नवा सुपरवायझर लई कडक आहे. समोर आला की मला घाम फुटतो, हात थरथरतात."

"किती वाजता येतो तो?"

"आठला."

"आणि तुमची गोळी?"

"सहाला. बस पकडायच्या आधी."

"नाश्ता?"

"नऊला, कॅन्टीनमध्ये."

गोळी होती नाश्त्याच्या अर्धा तास आधीची! आठपर्यंत शुगर पार उतरायची. मी त्यांना तसंच डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टरांनी गोळी आणि नाश्ता जवळ आणला, खिशात साखर ठेवायला सांगितली.

महिन्याने पाटील आले. विचारलं, "काय म्हणतो सुपरवायझर?"

"अहो, चांगला माणूस आहे!"

*

जाधवकाकांची महिन्याची गोळी पंधरा दिवसांत संपायला लागली. विचारलं तर काकूच बोलल्या, "मलाही शुगर निघाली ना. यांच्यातलीच घेते."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"एकाच कुकरचं जेवतो आम्ही. गोळी कशाला वेगळी?"

काका शेजारीच उभे होते. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून काकूंपुढे धरला. "मग हाही लाव!"

काकू त्याच संध्याकाळी तपासायला गेल्या. किडनी जरा अशक्त निघाली. काकांची गोळी त्यांना चालणारीच नव्हती.

*

कुलकर्णींनी भाचीच्या लग्नात जिलबी खायची म्हणून सकाळीच दोन गोळ्या घेतल्या. "हिशोब बरोबर होता मॅडम," असं ते नंतर मला म्हणाले.

पण वऱ्हाडाची गाडी उशिरा आली, पंगत लांबली आणि कुलकर्णी मांडवातच खाली बसले. शुद्धीवर होते म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं. दवाखान्यात एक रात्र ठेवून घेतलं.

"आणि मॅडम, जिलबी राहिलीच!"

*

आता माझ्या हातून झालेलं.

सखुबाई पेठ तालुक्यातल्या. भात लावून झाला की लेकीकडे सिडकोत यायच्या आणि गोळ्या घेऊन जायच्या. एकदा त्यांची नेहमीची पांढरी गोळी संपली होती. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं होतं, गुलाबी. दुकानात गर्दी होती. मी गुलाबी दिली आणि बोलले काहीच नाही.

त्यांच्याकडे घरी पांढऱ्या थोड्या उरलेल्या होत्या. त्यांना वाटलं, ही नवी गोळी आणखी एक. रोज दोन्ही घेतल्या. चौथ्या दिवशी शेताच्या बांधावर चक्कर येऊन पडल्या. शेजारणीने गूळ भरवला, जीपने दवाखान्यात नेलं, म्हणून वाचल्या.

बऱ्या झाल्यावर दुकानात आल्या. मी हात जोडले. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"मला वाचता येत नाय बाई. मी रंगाला वळखते," त्या म्हणाल्या. "तुला त येतं ना वाचता?"

त्या दिवसापासून पाकीट बदललं की जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी ठेवून दाखवते, आणि गिऱ्हाइकाकडून परत वदवून घेते. गर्दी असली तरी.

*

देशपांडे सर शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर विसरायला लागले. गोळी घेतली की नाही, हेच आठवेना. एका दिवशी दोनदा घेतली, एकदा दोन दिवस घेतलीच नाही. मग सरांच्या बायकोने, बाईंनी, युक्ती काढली. स्ट्रिपच्या मागे, एकेका गोळीवर बॉलपेनने वार लिहायचा. वार फुटलेला असला की गोळी झाली.

बाई गेल्या. तीनेक महिन्यांनी सर रिपोर्ट घेऊन आले. शुगर भलतीच वाढलेली.

"सर, गोळ्या संपल्या होत्या का?"

त्यांनी खिशातून एक स्ट्रिप काढली. सगळे वार शाबूत.

"तिने लिहिलेली शेवटची आहे. फोडवत नाही."

 मी म्हटलं, "ही कपाटात जपून ठेवा सर. खायला नवी घ्या. डॉक्टरांना हे सगळं सांगा. आणि वार मी लिहून देते, दर वेळी."

ते स्टुलावर बसले. मी पेन घेऊन सोमवारपासून लिहायला लागले. सर माझ्या हाताकडे बघत होते. रविवारपाशी आले तशी त्यांनी मला थांबवलं.

"'रविवार'मधला 'वि' दीर्घ लिहा."

"पण सर, ते चूक ना?"

"चूकच. चाळीस वर्षं तिची सुधारत होतो!"