वास गेल्याशिवाय साडी नाही

मुलांनो, आपल्या शुक्रवार पेठेत रेशमी साड्या पेट्रोलने धुऊन देणारे एक गृहस्थ आहेत. धुतलेली साडी ते नाकाशी धरतात आणि वास पुरता गेल्याशिवाय देत नाहीत. मी घाई केली की म्हणतात, "थांबा की बाई. डोकं तुमचं धरंल, नाव माझं जाईल."

यंदा त्यांना सारखा थकवा येऊ लागला, अंगावर काळेनिळे डाग उठले. मोठ्या डॉक्टरांना मराठी जेमतेम येतं, म्हणून मी सोबत गेले. रक्ताच्या कर्करोगाचा एक विरळा प्रकार निघाला. दारू, तंबाखू काही नाही. काम विचारल्यावर ते म्हणाले, "कपडे धुतो." डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं. मग मी सांगितलं, पेट्रोलने धुतात, बंद खोलीत, वीस वर्षं. डॉक्टर लिहायचे थांबले. नेमकं कारण सांगता येत नाही, पण पेट्रोलच्या वाफेतल्या बेंझिन नावाच्या रसायनाने धोका वाढतो, असं ते म्हणाले.

"साडी नेसणाऱ्या बायांना काय होतं का?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"वास गेल्यावर नाही."

"आन् माझी मंडळी तितंच बसून फॉल लावती, तिला?"

"तिला बाहेर बसवा. तुम्हीही हे काम सोडा."

संध्याकाळी मी गेले, तर बायकोचं शिलाई मशीन बाहेर कट्ट्यावर आलं होतं. "रस्त्यावर बसवलं मला. लोक काय म्हणतील?" ती कुरकुरत होती.

"म्हणू दे की," असं म्हणून ते आत गेले आणि पेट्रोलच्या टबावर वाकले.