बापाच्या फोटोला मत

"बोलता येतं का तुला?"

"येतं."

"मग नको."

हे खडी क्रशरच्या आवारात झालं. शेठ मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि आम्ही बायका त्याच्यासमोर उन्हात ओळीनं उभ्या होतो. आमचं गाव हरसूलच्या पलीकडं, डोंगरात. सरपंचपद या वेळी आदिवासी बाईसाठी राखीव निघालं होतं. शेठ राहायला नाशकात, पण क्रशर आमच्या डोंगराला, त्यामुळे गावचं पॅनल तोच बांधतो. मुकादमानं पाड्यापाड्यावरून आम्हाला बोलावून आणलं होतं. बैलबाजारात जनावर बघतात तसं शेठ आम्हाला बघत होता. हात पुढं करा म्हणाला. केले. हात राबलेले दिसायला पाहिजेत, फोटोत जोडायचे आहेत, असं त्यानं मुकादमाला समजावलं. माझा हात त्यानं उलटा करून बघितला. पेनाच्या टोकानं. बोट लावलं नाही.

मी बारावी शिकलेली. नाशकात अंबडच्या कंपनीत कामाला आहे. त्या दिवशी खाडा करून आले होते, ठेवणीतली साडी नेसून. मला वाटलं होतं, शिकलेली म्हणून मला बोलावलंय. येताना बसमध्ये मी मनात भाषणही केलं होतं. पाण्याबद्दल बोलायचं, अंगणवाडीबद्दल बोलायचं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

शेठचं लक्ष माझ्या मागं गेलं. तिथं माझी आई उभी होती, नुसती सोबत म्हणून आलेली. डोक्यावर पदर, नजर खाली. ही कोण, असं त्यानं मुकादमाला विचारलं. मुकादम त्याच्या कानाशी वाकला. आपल्याकडं होल मारायचा तो, गेला तो, त्याची बायको. शेठ खुर्चीतून उठला. आम्हा कुणासाठी उठला नव्हता. त्यानं आईला हात जोडले.

"वहिनी, तुम्हीच."

आईनं मान हलवली. तिला बोलता येतं का, हे त्यानं विचारलं नाही. आईला बोलता येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण ती बोलत नाही, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं.

माझा बा त्याच खाणीत गेला. सुरुंगासाठी दगडाला होल मारायचं काम त्याचं. मी तेव्हा आश्रमशाळेत होते. एक सुरुंग वेळेआधी उडाला, दगड बाच्या छातीवर आला, एवढंच मला सांगितलं गेलं. मी घरी पोचेपर्यंत राख झाली होती. बाचं तोंड मला बघायला मिळालं नाही. पण त्या दिवशीची एक गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, की ती मी डोळ्यांनी बघितलीय असं वाटतं. शेठनं बाला स्वतःच्या जीपमधून घरी आणलं. स्वतः तिरडीला खांदा दिला. नाशिकचा बंगलेवाला माणूस, पायात बूट नाहीत, आमच्या चिखलातून आमच्या माणसाला खांदा देत चालला. पाड्यावर असं आधी कधी झालं नव्हतं. म्हातारी माणसं अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज ओला होतो.

कंपनीत एक बाई मला हसत म्हणाली होती, "तुमच्याकडे काय, मटण आणि दारूवर मतं पडतात." मी डबा बंद केला आणि मशीनवर गेले. काय सांगणार होते तिला? मटण येतं. आम्ही खातो. आणि दुसऱ्या पॅनलचंही खातो. मटणानं कुणाचं मत ठरत नाही. ज्यानं आपल्या मेलेल्याला खांदा दिला, त्याला नाही कसं म्हणायचं, हे आमच्याकडं कुणाला कळत नाही. शिवाय क्रशर आहे म्हणून काही घरं पाड्यावर राहतात. नाहीतर दिवाळी सरली की चूल विझवायची, म्हाताऱ्यांना मागं टाकायचं आणि पिंपळगावकडं द्राक्षाच्या बागांवर जायचं. बाई अडली की शेठचीच जीप येते. हे सगळं खरं आहे. मी शेठचा राग करते म्हणून ते खोटं होत नाही.

माझे डोळे उघडले ते शेठनं आईला निवडल्यानंतर, अंबडमध्ये. आमच्या लाइनवरच्या एका माणसाचं बोट प्रेसमध्ये गेलं. त्याला उचलून दवाखान्यात नेलं. तिथं पोलीस आले. कुठं झालं, कसं झालं, कोण होतं. नंतर सरकारी माणूस कंपनीत आला, मशीन बंद करून बघितली, आम्हाला एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. मलाही विचारलं. मी उत्तरं दिली आणि बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. एका बोटासाठी इतकी माणसं विचारायला येतात. माझ्या बापाचं कुणी काहीच विचारलं नाही. का नाही विचारलं? कारण तो दवाखान्यात पोचलाच नाही. जीप खाणीतून निघाली ती सरळ घरी आली. दवाखाना नाही, म्हणून पोलीस नाही. पोलीस नाही, म्हणून सुरुंग कुणी लावला, कुणाच्या परवानगीनं लावला, हा प्रश्नच नाही. चितेला आगही घाईनं दिली होती. मी पोचायची वाट बघितली नव्हती.

ज्या खांद्याचं पाड्याला एवढं अप्रूप, तो खांदा कशासाठी होता हे मला त्या बाथरूममध्ये कळलं. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार, म्हणून गप्प राहिले. आमच्या घराला गप्प राहायची सवयच आहे.

मग फलक लागले. शेठनं आईच्या जोडलेल्या हातांशेजारी बाचा फोटो छापला. बाचा एकटा फोटो कुठंच नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्याचं तोंड कापून काढलं, मोठं केलं आणि खाली कोट चढवला. निळा कोट. बानं आयुष्यात कोट घातला नाही. ओठांवर हसू आणलं होतं, दात दिसतील असं. बा हसताना तोंडावर हात धरायचा. माझ्या बापाचं तोंड मी किती वर्षांनी बघितलं, आणि बघितलं ते असं.

घाटात वळणावळणावर तो उभा होता. मी नाशकाहून बसनं यायचे, आणि खिडकीतून बा. थांब्यावर बा. पिठाच्या गिरणीवर बा. वाऱ्यानं फलक फुगला की छाती वर यायची, वारा पडला की खाली जायची. मी डोळे मिटून घ्यायचे. मिटले तरी कळायचं, आता वळण आलं, आता तो आहे. कामावर प्रेसचा आवाज चालू असला की त्यातून मला बाचा श्वास ऐकू यायचा. मी सुपरवायझरला सांगून कानात बोळे घातले. तरी श्वास येतच राहिला.

मतदानाच्या आधी आमच्याकडं कणसरी फिरते. कणसरी म्हणजे आमची धान्याची आई. सुपात नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे घेऊन घरोघर जायचं, आणि ज्यानं त्यानं त्यावर हात ठेवून शब्द द्यायचा. कणसरीवर दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. मतदानाच्या खोलीत एकटा असला तरी मोडत नाही. शेतात पिकणार नाही, पोटात जिरणार नाही, ही भीती हाडात असते. शेठला आमच्या देवाचं नावही धड घेता येत नाही. पण मुकादम आमच्यातलाच. त्यानं शेठला ही वाट दाखवली. पूर्वी भावाभावांची भांडणं मिटवायला कणसरी निघायची. आता पॅनलसाठी निघते.

या वेळी सूप माझ्या आईच्या हातात दिलं होतं. सकाळची वेळ, अंगणात पाड्याची माणसं जमलेली. सोमा आजानं, म्हणजे आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं, हात दाण्यांवर ठेवला आणि बाचं नाव घेतलं. शेठचं नाही, आईचंही नाही. सगळे बाचंच नाव घेत होते. माझा भाऊ क्रशरवर कामाला, त्यानंही घेतलं. मग आई माझ्यासमोर आली.

"नाय ठेवणार मी हात."

"पोरी, लोकं बघतात."

"बघू दे. बाच्या नावावर मी मत देणार नाय."

मुकादम पुढं आला. म्हणाला, ज्यानं तुझ्या बापाला खांदा दिला त्याची तरी लाज धर. मी म्हणाले, "त्यानं दवाखान्यात नेलं असतं, तर खांदा द्यायला लागला नसता." मी ओरडले नाही. मला वाटलं होतं, निदान एखादा तरी विचारेल, काय म्हणतेस तू? सोमा आजा जमिनीकडं बघत बसला. भावानं तोंड फिरवलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, यातलं कुणालाच हे नवीन नाही.

आई सूप घेऊन पुढच्या घरी गेली.

दुपारी ती परत आली. ओट्यावर बसून नागली निवडायला लागली. मी समोर बसले होते. वर न बघता ती बोलली. बा गेला त्या दिवसाबद्दल, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"जीपमधून काढला तवा त्याचं अंग गरम व्हतं."

मी तिच्या हातांकडं बघत राहिले.

"मी शेठला बोलले, गरम हाय अजून. तर म्हणाला, उन्हानं लागतं तसं, वहिनी."

मी विचारलं, मग? तिनं सांगितलं, तिनं बाच्या नाकाशी हात नेला होता. तेवढ्यात बायकांनी तिला मागं ओढलं. सोमा आजानं लाकडं रचायला सांगितली. सगळी घाई करत होती. तिला कळत नव्हतं आणि कळतही होतं. मोठा माणूस अंगणात उभा, तो म्हणतोय गेला, तर आपण गरीब माणसांनी कसं म्हणायचं नाही गेला? एवढं बोलून ती पुन्हा खडे वेचायला लागली. हात थांबले नाहीत तिचे. मला तिला मिठी मारायची होती आणि तिला गदागदा हलवायचंही होतं. दोन्हींतलं काहीच केलं नाही.

पाडा शेठला मत का देतो, हे शोधायला शहरातली माणसं येतात. गाडीतून येतात, फोनवर आमचं बोलणं घेतात, रस्ता नाही का, पाणी नाही का विचारतात. त्यांना सांगितलं नाही, ते इथं सांगते. बाला जीपमधून आणलं त्या दिवशी अंगणात जी जी माणसं उभी होती, त्यांना शेठ चांगला असणं गरजेचं आहे. तो चांगला नसेल, तर आपण त्या दिवशी काय केलं? आपल्या हातानं कुणाला चितेवर ठेवलं? हा प्रश्न घेऊन जगता येत नाही. म्हणून दर निवडणुकीला ती माणसं शेठला पुन्हा चांगला ठरवून येतात. मत त्याच्या पॅनलला पडतं, शांत झोप यांना लागते.

मी मतदानाला गेले. दुसऱ्या बाजूलाही एक ठेकेदारच होता. मी नोटाचं बटण दाबलं. माझ्या आईला मी मत दिलं नाही, हे इथं लिहितेय. आई निवडून आली. गुलालात तिला खांद्यावर घेऊन नाचवलं. ती पडायच्या भीतीनं मुकादमाचं डोकं धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाला क्रशरवरून कमी केलं. तो आता बायकोला घेऊन पिंपळगावला बागेच्या छाटणीवर आहे. माझा फोन उचलत नाही. वहिनीनं एकदा उचलला आणि म्हणाली, तुमचं भागतंय कंपनीत, म्हणून तुम्हाला बोलणं सुचतंय. तिचं काही खोटं नाही.

शेठला सरपंच कशाला पाहिजे होती ते आता उघडं झालंय. त्याला डोंगराची वरची बाजू फोडायची आहे. तिथं आमचा झरा आहे. आमच्या मेलेल्या माणसांचे चिरे, त्यांच्या नावानं उभे केलेले दगड तिथं आहेत. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. सभा ठेवलीय. आई टेबलामागं बसेल, ग्रामसेवक वाचून दाखवेल, माणसं हात वर करतील.

मी सुट्टी टाकलीय. सभेत मी उभी राहणार आणि बाबद्दल बोलणार. खाण कशी चालते ते नाही, झऱ्याचंही नाही. जीप दवाखान्याच्या रस्त्याला का वळली नाही, हे विचारणार. अंग गरम होतं, हे बोलणार. सभा उधळली तर तिथून हरसूलला पोलिसात जाणार आणि तेच लिहून देणार. इतक्या वर्षांनी काही होत नाही, असं वकिलानं सांगितलंय. तरी देणार.

काल आईचा फोन आला. तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती म्हणाली, पोलीस आले तर आधी मलाच विचारतील, मी काय सांगू? माझं नाव येईल, सोमा आजाचं येईल, सगळ्या पाड्याचं येईल.

मी म्हणाले, "आये, येऊ दे. तुला विचारलं की तू खरं सांग."

तिनं फोन ठेवला नाही. मीही फोन ठेवला नाही.