चारशेच्या पुढची रेघ

गोळ्यांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला सगळे घासूबाई म्हणायचे. क्युव्हेट, म्हणजे नमुना भरायची बोटभर चौकोनी कुपी, ती इतक्यांदा धुवायची की साहेब म्हणत, "बाई, झिजेल हो ती!" नवरा त्याच कारखान्यात खाली पावडर मिसळायच्या यंत्रावर होता. सासूबाई म्हणत, "एक कालवतो, दुसरी चुका काढते. संसार चालतो कसा, देव जाणे!" चालत होता, कारण नवऱ्याची बॅच तपासायला नेहमी दुसऱ्या एका बाईकडे जायची.

त्या दिवशी ती दुसरी बाई रजेवर होती.

गोळ्या कुटून तिने मिथेनॉल ओतलं. अ‍ॅसिटोनमध्ये औषध चटकन विरघळलं असतं. पण ज्या किरणांवर मोजायचं, तेच किरण अ‍ॅसिटोन स्वतः गिळून बसतं. मग औषध किती आणि अ‍ॅसिटोन किती, काय कळणार? मिथेनॉल त्या बाबतीत गरीब. तिने बाटली हलवली, द्रावण गाळलं, पातळ केलं, क्युव्हेटमध्ये भरून किरण किती शोषले ते मोजणाऱ्या यंत्रात ठेवलं. आकडा आला अगदी हवा तसा.

"झालं की!" साहेब मागून म्हणाले. "माल न्यायला गाडी दाराशी उभी आहे. करा सही."

पेन उचललं आणि ती थबकली. पडद्यावरची रेघ औषधाच्या जागी डोंगरासारखी चढली होती, ते ठीक. पण चारशे नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढे हे औषध काहीच शोषत नाही. तिथे रेघ तळाला टेकायला हवी. ती अधांतरी होती. तिने क्युव्हेट खिडकीकडे धरली. किंचित धूसर. गाळताना बारीक भुकटी निसटली होती, तीच प्रकाश अडवून आकडा फुगवत होती.

म्हणजे खरं औषध कमी. सही केली तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

"साहेब, ही आमच्या ह्यांची बॅच आहे. माझ्या एकटीच्या सहीवर नको. पुन्हा तपासू, आणि तुम्ही शेजारी बसा."

"बाई, नापास झाली असती तर समजलो असतो. पास झालीय म्हणून नको?"

तिने क्युव्हेट पुढे केली. साहेबांनी पाहिली आणि खुर्ची ओढली.

या वेळी गाळणी बारीक घेतली. गाळणीही थोडं औषध धरून ठेवते, म्हणून पहिली धार फेकून दिली. मिथेनॉल टेबलावर सांडलं. रेघ तळाला टेकली आणि आकडा मर्यादेच्या खाली गेला. गाडी रिकामी परतली.

फाटकाशी नवरा उभा होता. बातमी तिच्या आधी पोचली होती.

"नीट गाळलं होतंस?"

"साहेबांच्या समोर."

"दुसऱ्या कुणाला द्यायचं होतंस."

"द्यायला कुणी नव्हतंच ना, अहो."

तो पुढे चालू लागला. रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तोही कूस बदलत होता.

सकाळी पावडर मिसळायचं यंत्र उघडलं. तळाचं एक पातं सैल झालं होतं आणि कोपऱ्यात औषध तसंच साचून बसलं होतं. पात्याची खडखड नवऱ्याने आधीच ऐकली होती, पण काम थांबेल म्हणून दडपली. हे त्याने स्वतःच साहेबांना सांगितलं. त्याला पॅकिंगमध्ये टाकलं, बढती हुकली.

घरात मीठ द्या, पाणी द्या, एवढंच बोलणं उरलं. सासूबाईंची थट्टाही थांबली. आपण आगाऊपणा तर नाही ना केला, हा किडा तिला पोखरत राहिला. मग एका रविवारी नवरा मोरीतून पूर्वीसारखाच ओरडला, "अगं, नळ गळतोय. वायसर कुठे ठेवलंयस?"

"खालच्या खणात," ती म्हणाली, आणि ओट्याकडे तोंड फिरवून ढसाढसा रडली.