नेरिडाबाईंची खुर्ची

आमच्या कुर्राबिनच्या रायफल क्लबात वार्षिक बक्षीस जिंकणाऱ्याला खुर्चीत बसवून मैदानाबाहेर उचलून नेतात. नेरिडा पास्को यांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्या उचलल्या. स्वतः कधी बसल्या नव्हत्या.

बाई शाळेची बस चालवायच्या. मीही त्याच बसमधला, त्यामुळे त्यांच्यासमोर अजून माझे हात आपोआप खिशाबाहेर येतात. मागच्या वर्षी त्या एका गुणाने हुकल्या. आठव्या गोळीला बंदुकीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, बंद होईना. तळहाताने ठोकला, श्वास चढला, नेम गेला.

उडवलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी नळकांडं, फुगते. पुन्हा भरण्याआधी तिला डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून आवळावं लागतं. आमच्याकडे सगळे मानेपुरती डाय वापरत. फक्त मान आवळायची, बाकी अंगाला हात लावायचा नाही. मग चार-पाच वेळा उडवली की तीच पुंगळी बंदुकीत अडकायला लागते. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे ठोकत होते.

बाईंनी त्या हिवाळ्यात सबंध अंगाची डाय घेतली.

"अगं नेरिडा, अंग आवळलंस की नेम गेला!" पाच वेळा खुर्चीत बसलेला म्हातारा लॉर्न ओरडला. "त्यापेक्षा पुंगळ्या दळून आण!"

"तुझ्या बंदुकीला दर रविवारी मार खायची सवय आहे, लॉर्न. माझ्या बंदुकीला नाही."

"त्या डायवर जिंकलीस, तर खुर्चीचा पुढचा पाय मी धरतो."

"मागचा माझा!" मी म्हणालो. फिदीफिदी हसतसुद्धा होतो.

आता ही डाय यंत्रात तळापर्यंत पिळली की पुंगळी जास्त आवळली जाते आणि पितळ लवकर फाटतं, म्हणून लोक तिला घाबरतात. बाईंनी पिळली नाही. स्वतःच्याच बंदुकीतून उडालेल्या पुंगळ्या मापल्या, डाय किंचित फिरवली, पुन्हा मापल्या. पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, इंचाच्या हजार भागांपैकी दोन भागांइतकाच मागे सरकेपर्यंत तीन आठवडे हेच.

अंतिम फेरी, नऊशे यार्ड, दहा गोळ्या. बाई आणि लॉर्न शेजारी पालथे, आळीपाळीने एकेक गोळी. लॉर्नच्या सातव्या गोळीला आवाज आला. ठक. ठक. ठक. धापा टाकत त्याने चाप ओढला. पाचाऐवजी चार.

बाईंनी दोन बोटांनी बोल्ट मिटला. आवाजसुद्धा नाही.

लॉर्न एकोणपन्नासवर संपला. बाई नऊ गोळ्यांत पंचेचाळीस. शेवटी चार मिळाले तर बरोबरी, पाच मिळाले तर खुर्ची. गोळी सुटली. लक्ष्य खाली गेलं, वर आलं. गोळी कुठे लागली ते दाखवणारी पांढरी चकती बरोब्बर मधोमध!

त्यानंतर एवढा आरडाओरडा झाला की कुंपणावरचे काकाकुवा उडाले. बाई खुर्चीत ताठ, टोपी तिरकी. पुढचा पाय लॉर्नकडे, मागचा माझ्याकडे, आणि बाई काही हलक्या नाहीत.

वाटेत लॉर्न घाम पुसायच्या निमित्ताने मान वर करून कुजबुजला, "कुठून मागवलीस गं ती डाय?"

"जरा मोठ्याने विचार," बाई वरून म्हणाल्या. "मागच्यांनाही ऐकायचंय."