चिखलदऱ्याच्या काचा

इंगळेबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती मी खोटेपणा करत असतानाच. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, अमरावतीचं कॉलेज, लंबकाचा प्रयोग. आमच्याकडे रीत अशी, की वरच्या वर्गातल्या मुलीची वही आणायची आणि पुस्तकातलं उत्तर येईल असे आकडे उलटे बसवायचे. मी आल्या आल्या सगळं लिहून मोकळी झाले. बाईंनी आधी वही पाहिली, मग मला पाहिलं.

"अवं माय, तुयं तं उत्तरबी आलं! अन् लंबक अजून कपाटातच हाये."

सगळा वर्ग हसला. मी मोर्शीच्या संत्रेवाल्याची पोर, डोळे भरून आले. तर म्हणतात, "रडू नको. आता टांग, अन् काय दिसते ते सांग मले." उत्तर काय आलं, असं बाईंनी कधी कुणाला विचारलंच नाही. 'काय दिसून राहिलं?' एवढंच विचारायच्या.

बाई मूळच्या अकोल्याच्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. छप्पन साली घरादाराने दीक्षा घेतली, त्याच वर्षी बाई एम.एस्सी. झाल्या. ठेंगण्या, सावळ्या, पदर कायम कमरेला खोचलेला. कामात भलत्या कडक. पण डबा उघडला की अर्धी भाकर समोरच्या पोरीच्या हातात. "खाय आधी. उपाशी माणसाले काटा दोन ठिकाणी दिसते."

मी शेवटच्या वर्षाला असताना बाईंनी विश्वकिरणांचं काम काढलं. आभाळातून सतत येणारे हे कण फोटोचा खास मसाला लावलेल्या काचेवर बारीक रेषा सोडतात. बाईंनी काही काचा चिखलदऱ्याला उंचावर ठेवल्या, काही अमरावतीत. उंचावर रेषा जास्त यायला हव्यात. किती जास्त, ते मोजायचं. काच सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि एकेका चौकोनातल्या रेषा मोजायच्या, बस्स. स्टाफरूममधली मंडळी म्हणत, "इंगळेबाई आभाळ मोजून राहिल्या!" बाई हसून सोडून देत.

त्या कामावर बाईंचं सगळं काही अडून होतं. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत एकच जागा होती. वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी त्यांना अर्जही करता आला नसता. ठरलेल्या तारखेच्या आत आकडे पाठवायचे होते आणि मोजणारी मी.

चिखलदऱ्याच्या काचेवर रेषा जास्त होत्या, पण अगदी थोड्या. मला घाम फुटला. एवढ्याशा फरकावर बाईंना कोण घेणार? मग मी तेच केलं, जे आम्ही सगळ्याच जणी वहीत करत होतो. जिथे रेषा नव्हती तिथेही मांडत गेले. आकडे छान आले. बाई खूश!

पाकिटाला तिकीट लावता लावता बाई म्हणाल्या, "तुयंबी नाव टाकलं मी. मोठमोठ्या प्रयोगशाळांत मोजतात बाया, अन् नाव लागते साहेबाचं. आपल्या इथं नाई चालत तसं."

"बाई, ते आकडे मी बनवले," मी म्हणाले.

"कावून?"

"तुमाले मुंबईले जाता यावं म्हणून."

बाईंनी बोट ओलं केलं आणि तिकीट अलगद सोडवून घेतलं. "चाल," म्हणाल्या, "पयल्या चौकोनापासून मोजू."

दोघी मिळून मोजायला चार महिने लागले, तारीख केव्हाच उलटून गेली. फरक थोडाच निघाला, आणि बाईंनी तेवढाच कळवला. मुंबईहून दोन ओळींचं उत्तर आलं, जागा भरली. पत्र वाचून बाई तशाच तासाला गेल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे मी नागपूरला एम.एस्सी. झाले आणि त्याच संस्थेत अर्ज केला. बाईंनी शिफारसपत्र बंद पाकिटात थेट तिकडेच पाठवलं. मुलाखतीत साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. 'या मुलीने एकदा खोटे आकडे लिहिले होते. कोणी पकडले नव्हते. तिने स्वतः येऊन सांगितले.' साहेबांनी विचारलं, "खरंय हे?" मी हो म्हटलं.

जागा मला मिळाली. माझ्यामुळे बाईंची हुकली होती ना, तसलीच जागा. मी तडक अमरावतीला आले आणि बाईंवर चिडलेच. "बाई, असं कावून लिहिलं? गेली असती ना माझी जागा!"

"अवं, तुयात तेच तं सगळ्यात भारी हाये," बाई म्हणाल्या. "ते सोडून काय लिहू? अक्षर चांगलं हाये म्हणून?"

पाया पडलेलं बाईंना चालत नसे. मी त्यांच्या गळ्यात पडून मनसोक्त रडले.