फी परत मागितली, हाच गुन्हा

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि हल्ली ती ज्या पद्धतीने सांगितली जाते ते ऐकल्यावर विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. मध्यंतरी एका सत्कार समारंभात एका पुढाऱ्याने व्यासपीठावरून जाहीर केले की, त्या विद्यार्थ्यांना न्याय मिळाला तो त्याच्या मोर्चामुळे. मी समोरच बसलो होतो. त्याचा मोर्चा निघाला तेव्हा तपास संपला होता आणि खरा आरोपी कोठडीत होता. माझे एक तत्कालीन वरिष्ठ निवृत्तांच्या बैठकीत सांगत असतात की, त्यांना पहिल्या दिवसापासून संस्थाचालकाचाच संशय होता. पहिल्या दिवशी त्यांनी मला फोनवर काय आदेश दिला, ते पुढे येईलच. नाव मी कोणाचेही घेणार नाही. ज्याचे त्याला कळेल.

नव्वदचे दशक सरत आले होते. मी नाशिक शहरातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. त्या काळी गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते. त्यातलाच एक आमच्या हद्दीत होता. अमेरिकेतील डॉक्टर रुग्णाविषयी जे बोलतात ते कानाला हेडफोन लावून ऐकायचे आणि संगणकावर टाइप करायचे, असे शिक्षण तिथे देतो असे सांगितले जाई. जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिले होते : कोर्स संपताच नोकरी, अन्यथा संपूर्ण फी परत. पेठपासून वणीपर्यंतची मुलेमुली तिथे आली. शहराभोवतीच्या मळ्यांतली तर बरीच.

प्रत्यक्षात तिथे एकच कॅसेट होती. कोण्या अमेरिकन डॉक्टरने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी केलेले कथन. तीच कॅसेट पहिल्या दिवशी, तीच शेवटच्या दिवशी. मास्तर म्हणून जो नेमला होता त्याला त्यातले निम्मे शब्द कळत नसत. कोर्स संपला, नोकरी आली नाही. विद्यार्थ्यांनी फी परत मागितली.

मागणीत पुढे होती ती एका फुलवाल्या कुटुंबातली मुलगी. तिच्या वडिलांचा शहराला लागून झेंडू-शेवंतीचा मळा होता. मुलगी हुशार, स्पष्ट बोलणारी. क्लासचा संचालक तिला आधी म्हणाला, "दसरा होऊ दे. शुभ दिवसांत पैशाचं बोलू नये." दसऱ्यानंतर ती पुन्हा गेली तेव्हा त्याचा सूर बदलला. त्याच सुमारास तिची टपाल खात्यात निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी व्हायची होती, हे त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, "फी मागायला परत आलीस, तर तुझा पोलीस पडताळणीचा कागद कसा निघतो ते बघतो."

ती आमच्या ठाण्यात आली. मी त्या दिवशी न्यायालयात साक्षीला गेलो होतो. ठाणे अंमलदाराने तिचा अर्ज न वाचताच परत केला. "ताई, हा दिवाणी मामला आहे. वकील बघा," एवढेच बोलून त्याने पुढच्या माणसाला बोलावले. हे वाक्य महाराष्ट्रातील प्रत्येक ठाण्यात रोज उच्चारले जाते आणि ते ऐकून बाहेर पडणारा माणूस पुन्हा पायरी चढत नाही. बोलणाऱ्याला तेच हवे असते.

आता पुढचे पाहा. काही दिवसांनी तोच संचालक सकाळी ठाण्यात आला. विद्यार्थ्यांनी संस्थेत घुसून संगणक फोडले, उरलेले पळवून नेले, अशी त्याची फिर्याद. पहिले नाव त्या मुलीचे. त्याची फिर्याद लिहून होईपर्यंत चहा आला, खुर्ची आली, आणि माझ्या टेबलावरचा फोनही वाजला. वरिष्ठ बोलत होते. "मुलीला आणा आणि अटक दाखवा. शिक्षणसंस्थांवर हल्ले खपवून घेणार नाही, असा संदेश गेला पाहिजे." पहिल्या दिवसापासूनचा संशय तो हा! संचालकाची मागणी फौजदारी आणि त्या मुलीची मागणी दिवाणी, हा भेद कोणत्या कायद्यात लिहिला आहे ते मला अजून सापडलेले नाही.

गुन्हा दाखल करणे मला भाग होते. अटक दाखवणे माझ्या हातात होते. मी ती दाखवली नाही.

दोन पंच घेऊन घटनास्थळी गेलो. फरशीवर काचांचा खच होता. काही मॉनिटर फुटून पडले होते, बाकीची टेबले रिकामी. दारावर दसऱ्याचे झेंडूचे तोरण वाळून तसेच लटकत होते. पंचनामा केला आणि परत आलो. तोवर महिला शिपाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मागोमाग तिचे वडील आले. बाजारातून तसेच आलेले, बोटे झेंडूने पिवळी झालेली.

"साहेब, पोरीचं नाव लागलं तर नोकरी गेली तिची," ते उभ्यानेच म्हणाले. "फी बुडाली तर बुडू द्या. आम्ही मागत नाय. तेवढं नाव काढा."

"दादा, तुम्ही गप्प बसा," मुलगी वडिलांना म्हणाली. "फी का सोडायची? मी काय चोरी केली?"

"केलीस असं फिर्यादीत लिहिलंय," मी म्हणालो. "संगणक फोडलेस?"

"मी त्यांना हात जोडले साहेब, हात उगारला नाही."

"कोणाला हात जोडले? संचालकांना?"

"संगणकांना! दसऱ्याला सरांनी आमच्याकडूनच पूजा करून घेतली. फुलं आमच्या मळ्यातली, तीही फुकट. माझ्या मैत्रिणीनं तोरणं केली आणि मी एकेका मॉनिटरला हळदकुंकू लावलं. एकही सोडला नाही. मनात म्हटलं, तुम्ही तरी पावा. सर तर पावत नाहीत."

महिला शिपायाला हसू आवरले नाही. मला मात्र हसू आले नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच ठाण्याचा शस्त्रागार उभा राहिला.

पोलीस ठाण्यात दसऱ्याला शस्त्रपूजा होते. रायफली, पिस्तुले, बेड्या, अगदी ठाण्याची जीपसुद्धा, सगळ्यांना हळदकुंकू लागते. नंतर जवान शस्त्रे पुसतात, तेल लावतात. तरीही पुढच्या तपासणीला एखाद्या रायफलीच्या खाचेत लाल कण हमखास सापडे आणि मी त्या जवानाला चार शब्द सुनावत असे. हळदकुंकू वरवर पुसले जाते, खाचेतून जात नाही. हे मला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

मी त्याच पंचांना घेऊन पुन्हा संस्थेत गेलो. टेबलांवर, जिथे संगणक असत त्या जागेपुढे, कुंकवाचे बोट आणि सुकलेल्या पाकळ्या होत्या. फुटलेल्या मॉनिटरांवर काही नव्हते. पुढच्या चौकटीवर नाही, वरच्या हवेच्या फटींतही नाही. होती ती केवळ जुनी, तेलकट धूळ. रोज मुले ज्यांच्यापुढे बसतात ती यंत्रे अशी नसतात. पुरवणी पंचनाम्यात मी हे सारे नोंदवले.

मग संचालकाला बोलावले. माणूस सुखावलेला असताना जास्त बोलतो, हा माझा अनुभव आहे. मी त्याला आधी सुखावू दिले.

"दसऱ्याला तुमच्याकडे पूजा झाली म्हणे?"

"म्हणजे काय साहेब! आमची संस्था संस्कार जपणारी आहे."

"सगळ्या संगणकांची?"

"एकूण एक. मी स्वतः उभा होतो."

हे वाक्य मी त्याच्या पुरवणी जबाबात लिहून घेतले आणि त्याची सही घेतली. मग विचारले, "फुटलेल्यांवर कुंकू कसे नाही?"

तो म्हणाला, "पुसलं असेल."

"कोणी?"

"त्याच मुलांनी."

"म्हणजे संस्थेत घुसली, रागाने लाल झाली, आधी फडकं घेऊन फटीफटीतलं कुंकू टिपलं, वरून वर्षानुवर्षांची धूळ पसरली, आणि मग फोडलं?"

त्याने पाणी मागितले. मी दिले. चहा दिला नाही.

तरीही हा अंदाजच होता. पुरावा हवा होता. त्याच संध्याकाळी जुन्या बाजारातला एक भंगारवाला स्वतः माझ्याकडे आला. तो माझा जुना खबऱ्या. गावातली बातमी त्याच्या कानावर आलेली होती.

"साहेब, मेलेली टीव्ही कोन इकत घेतं का? एकजन आला, बंद पडलेले कम्प्युटरचे डबे द्या म्हनला. मी म्हनलं, शेठ, चालू हायेत ते घ्या, दोन पैसे जास्ती द्या. तर म्हनला, नको, बंदच पायजेत. काच तडकली असली तरी चालंल. मी म्हनलं, हा येडा हाय नायतर लय शाना हाय."

"टेम्पो कोणाचा?"

"आपल्याच गल्लीतला. क्लासपाशी उतरवून झाल्यावर तिथूनच दुसरा माल भरला म्हने. देवळ्याला नेला."

भंगारवाल्याने संचालकाला ओळखले. टेम्पोचालकाने जागा सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळा गावात होतो. एका कांद्याच्या खळ्यालगतच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नव्या क्लासची पाटी रंगवून वाळत ठेवली होती. नाव वेगळे, जाहिरात तीच : नोकरी, अन्यथा फी परत. आत टेबलांवर ते संगणक ओळीने मांडलेले. पडदे स्वच्छ पुसलेले, तारा नीट गुंडाळलेल्या. आणि प्रत्येक मॉनिटरच्या कपाळावर हळदकुंकू, जसेच्या तसे.

कोपऱ्यात एक म्हातारी केरसुणी घेऊन उभी होती. ती संचालकाची आई. तिला कशाचीच कल्पना नव्हती. मी विचारले, "आजी, एवढं सगळं पुसलंत, हे का नाही पुसलं?"

"पूजानं कुंकू शे ते, साहेब," म्हातारी तिच्या अहिराणीत मलाच रागावून म्हणाली. "पोऱ्या म्हने, तेबी पुशी टाक. मी त्याले सांगं, नवा धंदा लावतोस अन् कुंकू पुसतोस? अशी अवदसा मी नाही करू देनार."

मुलाने सारे जमवले होते. भंगार आणले, फोडले, चोरीची फिर्याद रचली. फी मागणारेच आरोपी झाले की फी मागणार कोण, हा त्याचा हिशेब. फक्त आपल्या आईला तो ओळखत नव्हता.

त्या मुलीविरुद्धच्या गुन्ह्यात आम्ही 'ब' समरी पाठवली, म्हणजे फिर्याद खोटी आणि द्वेषाने दिलेली असल्याचा अहवाल. न्यायालयाने ती मान्य केली. संचालकावर त्या मुलीच्या फिर्यादीवरून फसवणुकीचा, शिवाय खोट्या फिर्यादीचा गुन्हा दाखल झाला. मोर्चा त्यानंतर निघाला, हे त्या पुढाऱ्याने आता तरी लक्षात घ्यावे. ज्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर 'विद्यार्थ्यांचा धुडगूस' छापले होते, त्याने खुलासा आतल्या पानावर, बियाण्यांच्या जाहिरातीखाली छापला.

फी परत करण्याची वेळ आली तेव्हा संचालकाचे नातलग वकिलाबरोबर ठाण्यात आले. विद्यार्थी रांगेने पैसे घेत होते. कागदावर मजकूर तयार होता : विद्यार्थ्यांच्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून संस्थेने केलेली मदत. मुलीने तो वाचला आणि पैसे टेबलावर परत ठेवले.

"मदत कसली? हे खोडून टाका."

"अगं, पैसे मिळतायत ना?" वकील म्हणाला. "शब्दांत काय ठेवलंय?"

"मग तुमचेच शब्द बदला की. लिहा, कोर्स बेकार होता म्हणून फी परत."

वडील तिचा दंड धरून "घे बाई, घे" म्हणत होते. ती हलली नाही. रांगेतली पुढची मुलेही मग हलली नाहीत. ज्यांनी घेतले होते तेही परत आले. वकिलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ती फिर्यादी आहे. मजकूर पटल्याशिवाय ती सही करणार नाही, आणि तेच बरोबर आहे." शेवटी खाडाखोड झाली. 'कोर्स निरुपयोगी ठरल्याने फी परत' असे लिहून संचालकाच्या भावाने सही केली. ती सही करताना त्याला जितका त्रास झाला तितका पैसे मोजताना झाला नव्हता.

तिची चारित्र्य पडताळणी माझ्याच टेबलावर आली. मी न्यायालयाचा आदेश जोडून अनुकूल शेरा लिहिला. तिला मी उपकार म्हणून काही दिले नाही. तिनेही तसे मानले नाही, आणि त्याचा मला आनंद आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. लबाड माणूस काय करतो हे मला आधीच माहीत होते. नवे शिकलो ते आपल्याच माणसांविषयी. बुडालेली फी मागणाऱ्याला आपण हावरा समजतो, भांडखोर समजतो, घरी पाठवतो. फसवणाऱ्याचे निम्मे काम तिथे आपणच करून देतो, आणि तेही सरकारी पगार घेऊन.

त्यानंतर माझ्या ठाण्यात मी एक शिस्त लावली. एखादा अर्ज दिवाणी आहे असे ज्या अंमलदाराला वाटेल, त्याने ते तोंडी सांगायचे नाही. अर्ज पूर्ण वाचायचा, त्यावर कारणासह तसे लिहायचे, खाली आपली सही करायची आणि प्रत अर्जदाराच्या हातात द्यायची. सगळ्यांनी कुरकूर केली. ज्याने त्या मुलीला परत पाठवले होते, त्याने सर्वांत जास्त.

मी तिथे होतो तोवर तशी एकही सही झाली नाही. सगळे अर्ज दाखल होऊ लागले.